टाळेबंदीत घरी बसून काय काय दिसलं?

कवडसा (पुणे) | २९ मार्च २०२०, दुपारी १.४०

पाडव्यापासून घरात आहोत, आज पाचवा दिवस. या घरात आम्ही चौदा वर्षं राहतोय, पण कामाच्या दिवशी भर दुपारी ते कसं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. सकाळी साडेआठला बाहेर, संध्याकाळी सातला परत. रविवारी घरी असते, पण तेव्हा पडदे ओढलेले असतात किंवा पाहुणे आलेले असतात.

आमच्या मधल्या खोलीला दक्षिणेची खिडकी आहे. बिल्डिंग जुनी, खिडकीला छज्जा नाही. दुपारी पावणेएकच्या सुमाराला त्या खिडकीतून जमिनीवर ऊन पडतं, गजांच्या सावल्यांसकट. शुक्रवारी लॅपटॉप घेऊन तिथेच बसले होते म्हणून लक्ष गेलं. लेकाची चौथीची परीक्षा रद्द झाली आहे, त्यामुळे तो दिवसभर मोकळा. त्याने उन्हाच्या कडेने खडूची रेघ मारली. काल त्याच वेळी पाहिलं तर ऊन रेघेपर्यंत पोचलं नव्हतं. बोटभर मागे होतं. आज आणखी बोटभर मागे. आता जमिनीवर तीन रेघा आहेत आणि त्या पुसायच्या नाहीत असं ठरलंय.

मी हे मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगायला गेले. त्या गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "हो, आता ते मागेच जाणार. चैत्र लागला ना. वैशाखात खिडकीतनं ऊन येणारच नाही, मग कुरडया गच्चीवर न्यायला लावते."

चौदा वर्षं त्या दुपारभर याच घरात असतात. त्यांची खुर्ची थंडीत कुठे असते, उन्हाळ्यात कुठे सरकते, लोणच्याची बरणी कधी कुठल्या कोपऱ्यात जाते, यामागे उन्हाचा एवढा हिशोब आहे हे मला आत्ता समजतंय. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तुमची दुपार कशी जाते.

आणखीही बरंच आहे. वरच्या मजल्यावर रोज अकराला खलबत्ता वाजतो. समोरच्या उंबरावर तांबट दिवसभर टुकटुक करतो, आणि हा आवाज मी इतकी वर्षं कुठल्या तरी कारखान्यातला समजत होते. पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते या उन्हाने.

तुम्हीही लिहाल का? मोठं काही नको. घरात असल्यामुळे जे दिसलं, ऐकू आलं, तेच.

रुळाकाठी (माटुंगा) | २९ मार्च २०२०, रात्री ११.०५

छान धागा. मला दिसलं नाही, ऐकू यायचं थांबलं, ते लिहिते.

आमचं घर रेल्वेला लागून आहे. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूपासून लोकल बंद आहे. जन्मापासून त्या आवाजात वाढलेय, त्यामुळे तो आवाज आहे हेच विसरले होते. आईच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, पण ती त्याकडे बघत नाही. पहाटेची पहिली गाडी गेली की उठायचं, अमुक फास्ट गेली की दूध गॅसवर, दुपारी गाड्या विरळ झाल्या की आडवं व्हायचं. आता तिला वेळच कळत नाही. परवा पहाटे अडीचला उठून आंघोळीचं पाणी तापवत होती. म्हणाली, शांततेने जाग आली.

काल खिडकीतून पाहिलं, रुळांवर गंज चढायला लागलाय. वरचा चकचकीत भाग तांबूस झाला आहे. लोकलचे रूळ गंजलेले मी कधी पाहिले नव्हते.

वाळ्याची ताटी (नागपूर) | ३१ मार्च २०२०, सकाळी ९.२०

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. कवडसा, तुमच्या मुलाला माझी शाबासकी सांगा. पुण्याचं अक्षांश साधारण साडेअठरा. सूर्य सध्या विषुववृत्ताच्या थोडा उत्तरेला आहे आणि रोज वर सरकतो आहे. म्हणून दुपारचं ऊन दिवसेंदिवस जास्त उभं पडतं आणि खोलीत कमी शिरतं. रेघा चालू ठेवा. कुठे जाऊन थांबतात ते सांगीन, आत्ताच सांगत नाही.

आमच्याकडे कूलर काढायचे दिवस आले. ताट्या भरून देणारा माणूस दरवर्षी याच आठवड्यात सायकलवर येतो. यंदा आला नाही. त्याचा फोन नंबर आम्हा कोणाकडेच नाही, कारण तो येतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. चार दिवस तेच मनात आहे.

टेम्सकाठ (लंडन) | ३ एप्रिल २०२०, दुपारी ३.५०

आमच्याकडे दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवतात. काल दुसरा गुरुवार होता. मुलांनी खिडक्यांत इंद्रधनुष्यं काढून लावली आहेत. समोरच्या घरातल्या आजींचं नाव सहा वर्षांनी काल कळलं.

आई साताऱ्यात एकटी आहे. १२ एप्रिलचं तिकीट होतं, विमानंच बंद. रोज व्हिडिओ कॉल करतो. ती फोन तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवते आणि कामं करत राहते. मला निम्मा वेळ अंगणाची भिंत दिसते आणि तिचा आवाज येतो. पूर्वी आठवड्याला दहा मिनिटं बोलायचो, "बरी आहेस ना", "हो". आता तासभर काही न बोलता भिंत बघतो. भिंतीवर एक मोठी ओल आहे. ती कधीपासून आहे, विचारायला हवं.

दहा बाय बारा (मुंबई) | ५ एप्रिल २०२०, रात्री १०.३०

नऊला दिवे लावून झाले. बरेच दिवस हा धागा वाचतोय, लिहू की नको करत होतो.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. आमच्या गाड्या चालू आहेत, अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी. सकाळच्या फेरीला नर्सबाई, सफाईवाले, पोलीस. कोणी बोलत नाही. तेव्हा मला घरी बसता येत नाही, आणि खरं सांगायचं तर घरी बसायला जागाही नाही. कुर्ल्याला दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. अंतर ठेवा म्हणतात ते कुठे ठेवायचं? मी बाहेरून येतो म्हणून पोटमाळ्यावर वेगळा झोपतो. बायको ताट वर देते. धाकटी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून माझ्याशी बोलते.

तुमचं लिखाण चांगलं आहे, कोणाला दुखवायचं नाही. पण घरी बसून शांतपणे ऊन बघणं सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही, हे इथे लिहिलेलं असावं असं वाटलं.

कवडसा | ६ एप्रिल २०२०, सकाळी ७.१५

दहा बाय बारा, लिहिलंत ते फार बरं केलंत. रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी नदीपलीकडच्या वस्तीत राहतात. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले आहेत. पगार पाठवते आहे, पण त्यांची खोली कशी आहे हे मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. त्यांनी माझं घर कोपरा न् कोपरा पाहिलंय. आज फोन करते.

तुमच्या धाकटीला शाळेचं काही पाठवू का?

दहा बाय बारा | ७ एप्रिल २०२०, रात्री ९.५०

नको ताई, विचारलंत तेच पुष्कळ.

तुमच्या रेघांचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे पण आहे. आमच्या पत्र्याला खिळ्याचं भोक आहे. दुपारी त्यातून उन्हाचा गोल पडतो, रुपयाएवढा. कपाटापासून निघतो आणि जेवायच्या वेळी मोरीपाशी जातो. आता ती पेन्सिलीने खुणा करते. एक विचारतोय, भोक वाकडंतिकडं आहे, मग गोल बरोबर गोल का पडतो?

वाळ्याची ताटी | ८ एप्रिल २०२०, सकाळी ८.४०

कारण तो भोकाचा आकार नाही, तो सूर्य आहे. भोक लहान आणि जमीन लांब असली की समोरच्या तेजस्वी वस्तूचं चित्र जमिनीवर उमटतं. तुमच्या मुलीच्या घरात रोज सूर्याचं चित्र पडतं. झाडाखाली उन्हाची जी गोल गोल नाणी सांडलेली असतात, तीही पानांच्या फटींतून पडलेली सूर्याचीच चित्रं. तिला सांगा, २१ जूनला सूर्यग्रहण आहे, मुंबईतून खंडग्रास. आकाश मोकळं असेल तर त्या दिवशी गोल गोल राहणार नाही. बघू देत तिलाच.

छत्तीस वर्षं हा धडा शिकवला. पत्र्याच्या घरातल्या मुलाला हे बघायला काहीच सामान लागत नाही, हे वर्गात एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

कवडसा | २० एप्रिल २०२०, दुपारी १.१०

सर, ऊन आता भिंतीच्या जाडीतच अडकलंय. जमिनीवर आलंच नाही. उलट सकाळी उत्तरेच्या स्वयंपाकघरात तिरकं ऊन यायला लागलं आहे, ओट्यावर. सासूबाईंनी तिथे ओवा वाळत घातला. आता सांगा, पुढे काय होणार.

वाळ्याची ताटी | २१ एप्रिल २०२०, सकाळी ८.५५

सांगतो. एक दिवस सूर्य बरोबर तुमच्या डोक्यावर येणार आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणार. शून्य सावलीचा दिवस. कर्कवृत्त आपल्या राज्याच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला हा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. दुसऱ्या वेळी आभाळ असतं, म्हणून मे महिन्यातलाच धरायचा. आणि तो एकाच दिवशी सगळीकडे नसतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. या धाग्यावरच्या गावांचं गणित मांडलं आहे: रत्नागिरी असेल कोणी तर ७ मे, सातारा १०, पुणे १३, मुंबई १५, आमचं नागपूर २६. वेळ पश्चिमेकडे साडेबाराच्या पुढेमागे, नागपूरला बारा दहा.

सध्या जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागतो. माझी मुलगी अमरावतीला आहे, दीडशे किलोमीटरवर, आणि भेट नाही. सूर्य मात्र या गावातून त्या गावात जाणार आहे. प्रत्येकाने आपापल्या दारात पेला ठेवा आणि इथे येऊन सांगा. लंडनकर, तुमच्याकडे सावली कधीच पुसली जात नाही. तुम्ही साताऱ्याची बघा.

रातांबा (रत्नागिरीजवळ) | ७ मे २०२०, दुपारी १.३०

आज आमचा नंबर होता, म्हणून पहिल्यांदाच लिहितेय.

बाग आहे आमची. एप्रिल कसा गेला ते आम्हालाच माहीत. फळ तयार, पेट्या भरलेल्या, आणि वाशीचा बाजार मध्येच बंद. गाडी मिळाली तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर मिळाला तर पास नाही. मग पुतण्याने मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत फोन करून थेट पेट्या पोचवल्या. चाळीस वर्षं आमचा आंबा कोण खातं ते कळलं नव्हतं. यंदा फोन येतात, "काकू, देवगड की रत्नागिरी? उतरला कसा? गवतात ठेवू का?" एका बाईंनी साली आणि बाठे काढून ठेवलेल्या ताटाचा फोटो पाठवला. मला रडू आलं.

तर आज. खळ्यात रातांब्याची सोलं वाळत घातली आहेत. मांडवाचे खांब बाराला तोकडी सावली टाकत होते. साडेबारानंतर बघितलं तर खांबांना सावलीच नाही. जमिनीतून नुसतेच वर आलेले. सासरे म्हणाले, लहानपणी त्यांची आजी या दिवसात मुलांना दुपारी खळ्यात जाऊ द्यायची नाही, "सावली हरवते" म्हणायची. आम्ही सगळे ते भुताखेताचं समजत होतो.

रुळाकाठी | ८ मे २०२०, रात्री १०.२०

मार्चमध्ये मी इथे रुळांच्या शांततेबद्दल लिहिलं होतं. आज पहाटे औरंगाबादजवळ करमाडला सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशात आपल्या गावी चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून रुळांवरच झोपले. फोटोत रुळांवर पोळ्या विखुरलेल्या आहेत.

त्या शांततेचं मला कौतुक वाटलं होतं. आज दिवसभर त्या खिडकीत उभी राहू शकले नाही.

वाळ्याची ताटी | ९ मे २०२०, सकाळी ७.३०

काय लिहावं. आमच्या हमरस्त्यावरून रोज माणसं चालत जात आहेत. सकाळी चौकात आम्ही पाणी, चिवडा आणि चपला ठेवतो. चपला आधी संपतात.

टेम्सकाठ | १० मे २०२०, रात्री ११.४०

आमच्या सकाळी आठला, आईच्या दुपारी साडेबाराला कॉल केला. सरांचं सगळं तिला आधी वाचून दाखवलं होतं. तिने अंगणात तांब्या ठेवला. मी म्हटलं, तांब्याला पोट असतं, त्याची सावली बुडाखालीच लपेल, सरळ पेला घे. मग देवघरातून पंचपात्र आणलं. फोन हातात धरून ती वाकली, तर मला आधी तिची पावलंच दिसली. टाचांना खूप भेगा पडल्या आहेत. एवढ्या दिवसांच्या कॉलमध्ये मी तिची पावलं पाहिली नव्हती.

पंचपात्राची सावली गेली. आई म्हणाली, "गेली बघ." आणि मग दोघंही काही बोललो नाही. नंतर शेजारच्या मुलाला फोन करून तिच्यासाठी टाचांचं मलम आणायला सांगितलं. भिंतीची ओल पाच पावसाळ्यांपासून आहे. मी दोनदा येऊन गेलो तेव्हाही होती.

कवडसा | १३ मे २०२०, दुपारी २.००

बारा एकतीस. गच्चीवर पाच घरं, पाच कोपऱ्यांत, मास्क लावून. लेकाने फुलपात्र ठेवलं. सासूबाई गुडघ्यांमुळे दोन वर्षं गच्चीवर गेल्या नव्हत्या, आज चढल्या. कुरडयांच्या कागदाशेजारी उभ्या राहून स्वतःच्या पायाशी बघत होत्या. सावली नुसती डोक्याची, पायांभोवती गोळा झालेली.

जिना उतरताना मी विचारलं, "आई, दुपारी एकटं वाटायचं का हो तुम्हाला?" त्या एक जिना उतरेपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं वाटायचं. मग ऊन होतं ना सोबतीला."

मावशींनाही फोन केला. त्यांच्या छपरात एक काचेचं कौल आहे, उजेडासाठी. आज त्याच्याखाली वाटी ठेवली होती म्हणाल्या. पत्रे अजून निघालेले नाहीत. गल्लीतले दोघं दवाखान्यात आहेत.

दहा बाय बारा | १५ मे २०२०, रात्री १०.१५

ड्युटीवर होतो. बारा पस्तीसला गाडी सिग्नलला उभी. उतरून बघितलं, एवढी मोठी बस, तिची सावली पूर्ण पोटाखाली. थांब्याच्या खांबाला सावली नाही. गाडीत तीन नर्स होत्या, दोन महिने त्याच येतात. आज पहिल्यांदा बोललो. त्यांना दाखवलं. एक जण उतरली, खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "आज वॉर्डात सांगते पेशंटना. त्यांना खिडकीपाशी उभं करते."

आमच्या डेपोतला एक जण परवा गेला. सोबत काम केलं होतं नऊ वर्षं.

रुळाकाठी | १६ मे २०२०, सकाळी ८.००

दादा, सांभाळून राहा. रोज नाही तरी अधूनमधून इथे नुसतं "आहे" असं लिहाल का?

दहा बाय बारा | १६ मे २०२०, रात्री ११.००

आहे.

वाळ्याची ताटी | २६ मे २०२०, दुपारी १.००

सूर्य आला. पारा पंचेचाळीसच्या वर आहे, अंगणात उभं राहवत नाही, तरी बारा दहाला सौ. आणि मी छत्री मिटून दोन मिनिटं उभे राहिलो. सहाणेवर उभा ठेवलेला खडू, सावली नाही. आपला तक्ता पुरा झाला: रत्नागिरी, सातारा, पुणे, मुंबई, नागपूर. इतकी वर्षं नकाशावर अक्षांश शिकवलं, पण वीस दिवस कोणाच्या ना कोणाच्या दारातून ते चालत येताना कधी पाहिलं नव्हतं.

ताटीवाल्याचा पत्ता लागला. गावी होता, शेतमजुरी करत. आम्ही गल्लीतल्या अकरा घरांनी पुढच्या वर्षीच्या ताट्यांचे पैसे त्याला पाठवले.

दहा बाय बारा | २१ जून २०२०, दुपारी २.३०

आहे.

पाऊस सुरू झाल्यावर पत्र्याच्या भोकाला डांबर लावायचं होतं. दरवर्षी लावतो. धाकटी ऐकेना, ग्रहणापर्यंत थांबा म्हणाली. पंधरा दिवस भोकाखाली बादली ठेवली आहे. बायको रात्री दोनदा उठून ओतते, काही बोलली नाही.

आज सुट्टी होती. सकाळपासून आभाळ गच्च. दहा वाजल्यापासून पोरगी बादली बाजूला करून जमिनीवर पांढरा कागद घेऊन बसली. साडेअकरा झाले, काही नाही. मी वरून म्हटलं, राहू दे आता. तेवढ्यात ढग फाटले. मिनिटभर असेल. कागदावर उन्हाची कोर पडली, चतुर्थीच्या चंद्रासारखी. ती ओरडलीच. शेजारची सहा-सात पोरं दारात गोळा झाली, त्यांना तिने आत घेतलं नाही, कागद उचलून दाराकडे नेला आणि तिथे काहीच दिसेना म्हणून परत भोकाखाली आणला. तोवर ढग आले होते. पेन्सिलीने कोर काढून ठेवली आहे तिने. सर, फोटो पाठवतोय.

पावसाचा पुन्हा रंग आहे. डांबर गरम करायला ठेवलंय.